सणाचें प्रेमनाट्य व प्रेक्षकांचा कौल

नाटकाचा इतिहास लिहिणारे पंडित नाटककाराचें चरित्र शोधितात, प्रयोगाची तिथि ठरवितात, नटाच्या आवाजाचें वर्णन करितात आणि टीकाकारांच्या वादांचा सारांश देतात. परंतु ज्याच्याकरितां हा सर्व खटाटोप झाला तो प्रेक्षक त्यांच्या ग्रंथांत बहुधा संख्येच्या रूपानेंच येतो. नाटकगृह भरलें होतें किंवा रिकामें होतें, एवढेंच त्याच्याविषयीं सांगण्याची चाल आहे. भरलेल्या नाटकगृहांतील माणसें एकमेकांशीं काय बोलत घरीं गेलीं, हें कोणी टिपून ठेवीत नाहीं. गंभीर नाटकांच्या बाबतींत ही उणीव कशीबशी भरून निघते, कारण त्यांच्यावर विद्वानांचे लेख असतात. सणासुदीला चार घटका करमणूक व्हावी म्हणून रचिलेल्या हलक्या प्रेमनाट्याच्या वांट्याला विद्वानही येत नाहींत. लोक तें पाहतात, हंसतात, कांहीं बोलतात, आणि तें बोलणें हवेंत विरून जातें. ह्या विरून गेलेल्या बोलण्याचा जेवढा माग लागतो तेवढा काढण्याचा आमचा विचार आहे.

ह्या विषयाकडे लक्ष वळण्याचें निमित्त मात्र अगदीं अलीकडचें आहे. अमेरिकेंत शुभेच्छापत्रें विकणाऱ्या हॉलमार्क नांवाच्या कंपनीनें १९५१ सालीं नाताळच्या आदल्या रात्रीं दूरचित्रवाणीवर एका संगीतिकेचा प्रयोग पुरस्कृत केला. मेनॉटी नांवाच्या संगीतकारानें ती खास दूरचित्रवाणीसाठींच रचिली होती. पुढें २००१ सालीं त्या कंपनीच्या नांवाची स्वतंत्र वाहिनी निघाली, आणि २००९ पासून नाताळापूर्वींचे कित्येक आठवडे एकामागून एक प्रेमपट दाखविण्याचा तिचा परिपाठ पडला. ह्या चित्रपटांचें कथानक सांगावयास फार शाई खर्चावी लागत नाहीं. मोठ्या शहरांत नोकरींत गढलेली तरुणी कांहीं निमित्तानें लहान गांवीं येते. शहरांत तिचा कोणी वाग्दत्त वर असतो, पण त्याला सदा कामाची घाई. गांवांत एक सालस पुरुष भेटतो. प्रथम खटके उडतात, मग नाताळचें झाड सजवितांना अथवा भट्टींतून बिस्किटें काढतांना मनें जुळतात, एक गैरसमज होतो, तो फिटतो, आणि अखेरीस बर्फ पडूं लागतें. हें बर्फ पुष्कळदां कॅनडांत भर उन्हाळ्यांत माणसांनीं तयार केलेलें असतें, आणि लोंकरीच्या कोटांत घाम गाळीत नटनटी एकमेकांस थंडी फार असल्याचें सांगतात.

ह्या जातीचे चित्रपट आतां मेहकरासारख्या पैनगंगेकांठच्या तालुक्याच्या गांवींही भ्रमणध्वनीच्या पडद्यावर येऊन पोंचले आहेत. त्यांवरील मतें ऐकूं गेल्यास, देश कोणताही असो, दोन सूर निघतात. एक सूर असा कीं, शेवट पहिल्या पांच मिनिटांतच कळतो. एक पाहिला कीं सारे पाहिले. दुसरा असा कीं, शेवट ठाऊक आहे म्हणूनच आम्ही पाहतों. सुशिक्षितांत पहिल्या मताला रसिकता म्हणतात व दुसऱ्याला भाबडेपणा. आम्हांस हा निवाडा मान्य नाहीं. दुसरें मत हें पहिल्याहून फार जुनें आहे, आणि त्यांत नाट्याविषयींची एक पक्की समजूत दडलेली आहे. शेवट ठाऊक असलेला प्रेक्षक ‘काय झालें’ हें पाहण्यास बसतच नाहीं. तो ‘कसें झालें’ हें पाहतो, आणि कारागिरीची परीक्षा ह्या दुसऱ्या प्रश्नानेंच होते.

आपल्याकडे ह्याचें ठळक उदाहरण कालिदासाचें ‘मालविकाग्निमित्र’ होय. ह्या वसंतोत्सवांत हें नाटक करून दाखवावें अशी परिषदेची आज्ञा झाली आहे, असें सूत्रधार प्रस्तावनेंतच सांगतो; म्हणजे हें सणाचें नाटक. नायिका मालविका ही आमच्या विदर्भाची राजकन्या. भाऊबंदकींत तिचा भाऊ माधवसेन कैद होतो, वाटेंत लुटारूंचा हल्ला होतो, आणि ती विदिशेच्या अग्निमित्र राजाच्या अंतःपुरांत आपलें कुळ न सांगतां दासी होऊन राहते. राजा तिचें चित्र पाहून मोहित होतो, विदूषक कारस्थान रचितो, राण्या रुसतात, शेवटीं कुळ उघडकीस येतें व लग्न लागतें. विदर्भाचे दोन भाग होऊन वरदा, म्हणजे आजची वर्धा नदी, त्यांची सीमा ठरते, हें राजकारण तोंडीं लावण्यापुरतें. विद्वानांनीं ह्या नाटकाला ‘शाकुंतला’च्या खालीं बसविलें; विल्सनसाहेबानें तर तें कालिदासाचें नसावें अशी शंकाही काढली. उत्सवाच्या दिवशीं विदिशेचा हा अंतःपुरांतील गोंधळ पाहून पोट धरून हंसलेल्या प्रेक्षकाला ही शंका सुचली असेल असें वाटत नाहीं.

प्रस्तावनेंत पारिपार्श्विक विचारतो कीं, भास, सौमिल्ल, कविपुत्र असे नामांकित नाटककार सोडून ह्या आजच्या कवीचा एवढा आदर कां? सूत्रधाराच्या उत्तराचा आशय सर्वांस ठाऊक आहे: जुनें तेवढें चांगलें नव्हे, नवें तेवढें वाईट नव्हे, जाणता पारखून घेतो, अजाण दुसऱ्याच्या मतावर चालतो. हें उत्तर तरुण कवीनें स्वतःच्या समर्थनार्थ घातलें, असें म्हणण्याची रीत आहे. तें सणाला जमलेल्या मंडळींसमोर बोललें जात आहे, हें आपण विसरतों. ‘दुसऱ्याचें ऐकूं नका, पाहा आणि ठरवा,’ असें सांगून कवि तराजू प्रेक्षकांच्या हातीं देत आहे.

पुढें तर ह्याच नाटकांत प्रेक्षकाचा कौल हाच कथेचा सांधा होतो. गणदास व हरदत्त ह्या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण असा तंटा माजतो, आणि निवाड्याचें काम परिव्राजिका कौशिकीकडे येतें. ती शास्त्राचा काथ्याकूट बाजूस सारिते व शिष्यांचा प्रयोगच पाहूं म्हणते. मालविका नाचते. कौशिकी कारस्थानाला अनुकूल आहे खरी, पण निर्णय देतांना ती कारणें देते: अंगाची ठेवण कशी होती, लय कशी सांभाळली, भाव कसा उमटला. राजा मात्र नृत्य पाहतच नाहीं, नाचणारीला पाहतो; आणि राणी धारिणी नृत्यही पाहत नाहीं व नाचणारीलाही नाहीं, ती राजाच्या मुद्रेकडे पाहते. एकाच प्रयोगाचे हे तीन प्रेक्षक. ह्या तिघांत मत द्यावयाचें तें एका स्त्रीनें, अशी योजना कवीनें केली आहे, हें पुढच्या विवेचनासाठीं वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

सातव्या शतकांत हर्षानें ‘रत्नावली’ रचिली, तीही वसंतोत्सवासाठीं. तेथें सिंहलाची राजकन्या समुद्रांतून वांचून सागरिका ह्या नांवानें उदयनाच्या अंतःपुरांत येते. त्याच हर्षाच्या ‘प्रियदर्शिके’त अंगदेशाची राजकन्या आरण्यका ह्या नांवानें त्याच उदयनाच्या अंतःपुरांत येते. पुन्हा तेंच अज्ञात कुळ, तोच रुसवा, तोच उलगडा. सांचा एक, नाटकें तीन. एक पाहिलें कीं सारीं पाहिलीं हा आक्षेप खरा मानिला तर तो प्रथम सम्राट हर्षावर घ्यावा लागेल.

भरतानें ‘नाट्यशास्त्रां’त प्रयोगाच्या सिद्धीला एक सबंध अध्याय दिला आहे, आणि ती सिद्धि मोजण्याचीं मापें सारीं प्रेक्षकांजवळ ठेविलीं आहेत. कोठें स्मित झालें, कोठें हंशा पिकला, कोठें ‘साधु’ असा उद्गार निघाला, कोणीं आसनावरून उठून वस्त्र वा अंगठी फेकली; ही मानुषी सिद्धि. आणि नाटकगृह भरलेलें असून जेथें शब्द नाहीं, क्षोभ नाहीं, तेथें दैवी सिद्धि. टाळ्यांहून शांततेला वरची जागा देणाऱ्या ह्या माणसाला प्रेक्षकांची नाडी ठाऊक होती ह्यांत संशय नाहीं. मात्र तोच आचार्य पुढें कोणाला काय आवडतें ह्याची यादी देतांना तरुणांना प्रेम, शूरांना युद्ध, वृद्धांना पुराण असें वांटून देतो, आणि हास्य व वेषभूषा बालकें, मूर्ख व स्त्रिया ह्यांच्या पदरांत एकत्र टाकतो. हलक्या नाट्याची आवड ही स्त्रियांची व अडाण्यांची, हा समज इतका जुना आहे. कालिदासाच्या कौशिकीनें तो खोटा ठरविला असला तरी पुढील टीकाकारांनीं भरताची यादी पाठ केली व कौशिकीला विसरले.

इंग्लंडांत सणाच्या प्रेमनाट्याविषयीं सामान्य प्रेक्षकाचें मत कागदावर राहिल्याचीं दोन उदाहरणें प्रसिद्ध आहेत, आणि योगायोगानें दोन्ही शेक्सपीअरच्या एकाच नाटकाचीं आहेत. नाताळच्या बाराव्या रात्रीवरून ज्याला नांव पडलें तें ‘ट्वेल्फ्थ नाइट’ २ फेब्रुवारी १६०२ रोजीं लंडनच्या मिडल टेंपल ह्या वकिलांच्या संस्थेंत झालें. नाताळापासून चाललेल्या उत्सवांची तेथें तेव्हां सांगता होत असे. कायद्याचा विद्यार्थी जॉन मॅनिंगहॅम तें पाहून आला व त्यानें आपल्या रोजनिशींत चार ओळी लिहिल्या. हें नाटक ‘कॉमेडी ऑफ एरर्स’सारखें आहे, प्लॉटसच्या जुन्या लॅटिन नाटकासारखें आहे, आणि त्याहीपेक्षां एका इटालियन नाटकाशीं जुळतें, असें तो प्रथम सांगतो. म्हणजे ‘हें पूर्वीं पाहिलें आहे’ हें मत शेक्सपीअरलाही त्याच्या हयातींतच मिळालें! परंतु मॅनिंगहॅमचा सूर तक्रारीचा नाहीं. त्याला सर्वांत आवडली ती मालव्होलिओ नांवाच्या कारभाऱ्याची फजिती. मालकीण आपल्यावर अनुरक्त आहे असें खोट्या पत्रानें त्याला भासविलें, ती युक्ति. त्या मालकिणीला हा गृहस्थ विधवा म्हणतो. वास्तविक ती भावाच्या सुतकांत आहे. आणि ज्या प्रेमकथेवर सारें नाटक उभें आहे तिचा त्याच्या टिपणांत उल्लेखसुद्धां नाहीं! प्रेमनाट्य पाहून आलेला प्रेक्षक प्रेम विसरतो व कारभारी लक्षांत ठेवितो, हें त्या रात्रीचें खरें परीक्षण होय.

पुढें १६४२ सालीं नाटकगृहें बंद झालीं, प्युरिटनांच्या राज्यांत नाताळही बंद झाला, आणि १६६० मध्यें राजाबरोबर दोन्ही परत आलीं. आरमाराच्या कचेरींतील अधिकारी सॅम्युएल पेपिस ह्यानें ६ जानेवारी १६६३ रोजीं, म्हणजे बरोबर त्या सणाच्या दिवशीं, तेंच नाटक पाहिलें. प्रयोग चांगला झाला, पण नाटक खुळचट, आणि त्याचा नांवाशीं वा दिवसाशीं कांहीं संबंध नाहीं, असा त्याचा शेरा आहे. सणाचें नांव लावून सण न दाखविल्याबद्दल रागावलेला हा प्रेक्षक आजही जागोजाग भेटतो. चित्रपटांत नाताळ थोडा झाला अशी तक्रार करणारे त्याचेच वंशज. पेपिसनें तें नाटक तीनदां पाहिलें व कधींही त्याची बरी संभावना केली नाहीं. तरी तो गेला, ही गोष्ट त्याच्या शब्दांहून अधिक बोलकी आहे. त्याच दिवसाच्या टिपणांत आणखी एक तक्रार आहे: पत्नी आपले कपडे गाडींत विसरली म्हणून तो चिडला होता. पत्नीनें काय हरविलें हें आपणांस साडेतीनशें वर्षांनंतरही ठाऊक आहे. त्या नाटकाविषयीं तिचें मत काय होतें, तें त्या पानावर नाहीं.

आतां महाराष्ट्राकडे वळूं. येथें रोजनिशीची हौस कमी, पण प्रेक्षकांनीं आपलें मत नोंदविण्याची एक निराळी रीत काढली. ती म्हणजे ‘वन्समोअर’. अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘सौभद्र’ १८८२ सालीं रंगभूमीवर आलें. सुभद्रा कोणाची होणार हें महाभारत ऐकलेल्या पोरालाही ठाऊक. तरी लोक रात्रभर बसत व एकेक पद पुन्हा म्हणावयास लावीत. शेवटाची उत्कंठा असलेला मनुष्य वाटेंतला मुक्काम असा लांबवीत नाहीं. वन्समोअर हा शब्द इंग्रजी असला तरी त्यामागचें शास्त्र भरताचें आहे, आणि पुढच्या काळांत त्या रिवाजाचा अतिरेक होऊन नाटकाचा जीव गुदमरला, हेंही आम्ही मान्य करितों.

आमच्या बुलढाणा जिल्ह्याला ह्या इतिहासांत श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांमुळें स्थान आहे. जळगांव-जामोदला वकिली करीत ह्या गृहस्थांनीं मराठींत स्वतंत्र कल्पित कथानकाचें प्रेमनाट्य रूढ केलें. त्यांचा प्रवेश मात्र प्रेक्षकाच्या बाजूनें झाला: १८९३ सालीं ‘विक्रमशशिकला’ नाटकावर त्यांनीं ‘विविधज्ञानविस्तारां’त टीका लिहिली, आणि १८९६ सालीं किर्लोस्कर मंडळीनें त्यांचें ‘वीरतनय’ केलें. पुढें ‘मूकनायक’ आलें, त्यांत नायक मुका असल्याचें सोंग घेतो. वेषांतर, कोट्या, चतुर संवाद आणि पारशी-उर्दू रंगभूमीवरच्या नव्या चाली, ह्यांनीं त्या काळचे सुशिक्षित भारून गेले. गडकरी त्यांना गुरु म्हणत. कौल मात्र फार बारीक होता. चालींना लोकांनीं डोक्यावर घेतलें. कथानकें गुंतागुंतीचीं, कोट्या एकीवर एक रचिलेल्या. त्या घरीं जाईपर्यंत कोणाच्या ध्यानांत राहात नसत. आज ‘सौभद्रा’चे प्रयोग होतात, ‘वीरतनया’चें नांव परीक्षेच्या पुस्तकांत उरलें आहे. येथें प्रेक्षक चुकला असें आम्हांस म्हणवत नाहीं. कोल्हटकरांनीं ‘काय’ नवें शोधिलें. ‘कसें’ पाहावयास जी उसंत लागते ती त्यांचें कथानक प्रेक्षकाला देत नाहीं.

उलट देवलांकडे पाहावें. मोलियरचें १६६० सालचें एक प्रहसन, त्यावरून मर्फीचें १७६१ सालचें इंग्रजी नाटक, त्यावरून देवलांचा १८९३ चा गद्य ‘तसबिरीचा घोटाळा’, त्याचा १९१६ सालीं संगीत ‘संशयकल्लोळ’. तसबीर तीच, संशय तोच, आणि तीन देशांतले प्रेक्षक अडीचशें वर्षें हंसत आले. शिळ्या कढीला ऊत आणणें वाईट खरें. पण ही कढी शिळी झालीच नाहीं, कारण देवलांनीं फोडणी घरची दिली.

येथपर्यंत प्रेक्षक म्हणजे नाटकगृहांत जमलेला समाज. प्रेमकथा यंत्राच्या द्वारें घरांत येऊं लागल्यावर प्रेक्षकाची जात बदलली, आणि ह्या बदलाचा पहिला पुरावा आम्हांस मेहकरांतच सांपडतो. १९०९ सालीं ह्याच जिल्ह्यांत सेंदुरजन येथें जन्मलेले ना. घ. देशपांडे मेहकरला वकिली करीत. त्यांची ‘शीळ’ ही कविता गो. ना. जोशी ह्यांनीं गायिली व १९३२ सालीं तिची ध्वनिमुद्रिका निघाली. मराठी भावगीताच्या ध्वनिमुद्रिकांत ती आरंभींची समजतात. तींत कथानक म्हणावें तर इतकेंच कीं, रानांत शीळ वाजते व एका तरुणीचें मन ठिकाणावर राहत नाहीं. ज्या घरांतील सुनांना तमाशा सोडाच, नाटकही विचारून पाहावें लागे, त्या घरांतही ही तबकडी ओसरीवर वाजली कीं माजघरांत ऐकूं जाई. कवीचा पहिला संग्रह, ज्याचें नांवही ‘शीळ’, निघाला तो १९५४ सालीं. साहित्य अकादमीनें ‘खूणगाठी’ला पुरस्कार दिला तो १९८६ सालीं. म्हणजे ऐकणारांचा निकाल ग्रंथाच्या बावीस वर्षें आधीं व पंडितांच्या चौपन्न वर्षें आधीं लागला होता. तो निकाल देणारांत माजघरांतलीं माणसें किती होतीं ह्याची गणती कोणीं केली नाहीं, पण तीं नसतीं तर तबकडी झिजली नसती.

२ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबईस दूरदर्शनचें केंद्र सुरू झाल्यावर तेंच माजघर प्रेक्षागृह झालें. घरांत पाहणारा प्रेक्षक वन्समोअर देत नाहीं, अंगठी फेकत नाहीं. तो भाजी निवडतां निवडतां पाहतो, मध्येंच उठतो, आणि मोठ्यानें मत देतो. हें मत ऐकण्यासारखें असतें. नाताळच्या प्रेमपटांविषयीं जें बोललें जातें त्यांत कथानकाचा भाग थोडा. नायकनायिकेंत खरोखर कांहीं आहे कीं दोघेही पगारापुरते हंसतात, आईचें काम करणारी बाई जीव ओतते कीं नाहीं, दुकानाची पाटी एका प्रसंगांत निराळी कां होती, बर्फ अंगावर पडून वितळत कां नाहीं, अशा गोष्टी लोक नेमक्या हेरतात. कौशिकीनें अंग, लय व भाव पाहिले. हीं माणसें दुसरें काय करितात? सांचा ठाऊक असल्यामुळेंच त्यांची नजर मोकळी असते.

तथापि प्रेक्षकांस आवडलें म्हणून हे चित्रपट ‘मालविकाग्निमित्रा’च्या पंक्तीस बसविण्याची आमची इच्छा नाहीं. त्यांत एक मोठी उणीव आहे, आणि ती सांचेबंदपणाची नव्हे. कालिदासाच्या नाटकांत इरावती नांवाची धाकटी राणी आहे. राजाला मालविकेबरोबर पाहून ती संतापानें कमरपट्टा उगारते. शेवटच्या अंकांत सर्वत्र आनंद चालला असतां ती रंगभूमीवर येत नाहीं, दासीकडून निरोप तेवढा पाठविते. मालव्होलिओ असाच शेवटीं सूड घेण्याची भाषा बोलून निघून जातो. सणाच्या नाटकांतही ज्याचा सण बिघडला असा एक कोणी ह्या कवींनीं ठेविला, आणि म्हणूनच मॅनिंगहॅमला कारभारी आठवला. अमेरिकन चित्रपटांत असा माणूस असतो, तो शहरांतला वाग्दत्त वर. पण त्याला दूरध्वनीवर दोन वाक्यांत निरोप देऊन मोकळें करितात. त्याचें पुढें काय झालें, हें लिहिणाराला सुचत नाहीं.

पाहणाराला मात्र सुचतें. गेल्या नाताळांत मेहकरांतील आमच्या शेजारीं हिंदींत रूपांतरित केलेला असा एक चित्रपट चालला होता. सून मान डोलावीत पाहत होती. सासूबाई वाती वळीत होत्या व त्यांचें लक्ष नसावें असें वाटत होतें. बर्फ पडलें, बाजा वाजला, दोघांनीं एकमेकांचे हात धरिले. तेव्हां सासूबाई म्हणाल्या, ‘पोरगी चांगली हाये, गावबी चांगलं हाये; पन त्या शयरातल्या पोराच्या घरी त्या दिवशी कशी दिवाळी झाली असन वं?’ सुनेनें कांहीं उत्तर दिलें नाहीं, दुसरा चित्रपट लावला. त्यांतही पहिल्या दहा मिनिटांत एक कामाच्या घाईंतला मुलगा आला. सासूबाईंनीं वातींची डबी बाजूस ठेवली आणि चष्मा पुसून डोळ्यांवर चढविला.